बेटावर सोडलेले पाच उंदीर

उंदीर मारायचा नसतो, पिंजऱ्यात पकडून लांब सोडून यायचा असतो, हे मला कुणी मुद्दाम शिकवलं नाही. नागपूरला आमचे वडील सकाळी सायकलच्या हँडलला पिंजरा अडकवून निघायचे आणि नाल्यापलीकडे जाऊन त्याचं दार उघडायचे. नाल्यापलीकडच्या लोकांचं काय, हा प्रश्न आमच्या घरात कुणालाही पडला नाही. ते लोकही बहुधा त्यांचे उंदीर आमच्या बाजूला आणून सोडत असावेत, कारण आमचा पिंजरा आठ दिवस रिकामा राहिल्याचं मला आठवत नाही.

१९७२ साली मी हॅलिफॅक्सला आलो. तीस वर्षं जहाजांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून काढली आणि निवृत्त झालो, पण ही सवय काही सुटली नाही. शेजाऱ्यांनी उंदरांना विष घातलं की मी त्यांना चार शब्द ऐकवायचो. माझी बायको चित्रा म्हणते की मी माणसांशी जितका तुसडा, तितकाच जनावरांशी प्रेमळ. हे कौतुक आहे की टोमणा, ते छत्तीस वर्षांत मला कळलेलं नाही.

२००८ च्या सप्टेंबरात आमच्या मागच्या दाराबाहेरच्या लाकडी डेकखाली उंदीर झाले. आपल्याकडच्या घरातल्या चिमुकल्यांसारखे नाहीत, चांगले वीतभर लांब, करडे, जाड शेपटीचे. त्यातच गणपती आलेले. घरात बाप्पा बसलेले असताना उंदीर मारायचा विषयच नव्हता. मी बेसमेंटमध्ये प्लायवुड आणि जाळीचा एक मोठा पिंजरा केला. आत जाता येईल पण बाहेर येता येणार नाही, असं दार. पहिल्याच दिवशी एक मोठी मादी सापडली. तिच्या शेपटीला मी चित्राचं लाल नेलपॉलिश लावलं आणि तिला दोन किलोमीटरवरच्या पार्कमध्ये सोडून आलो. चौथ्या दिवशी ती लाल शेपटी घेऊन पुन्हा माझ्या पिंजऱ्यात हजर. बरोबर अर्धवट वाढलेली चार पिल्लं.

"आता?" चित्राने विचारलं.

आता प्रश्न इंजिनिअरिंगचा होता. जमिनीवर कुठेही सोडलं तरी हे परत येणार. पाण्यापलीकडे सोडलं तर येणार नाहीत. आणि त्याच रविवारी आम्ही पाच दिवसांच्या गणपतीचं विसर्जन करायला प्रतापच्या बोटीतून जाणारच होतो. प्रताप म्हणजे माझा जुना मित्र, भूल देणारा डॉक्टर. निवृत्त झाल्यावर त्याने बोट घेतली आणि तेव्हापासून तो जमिनीवर फारसा सापडत नाही.

विसर्जन छान झालं. समुद्र शांत होता, चित्राने आरती म्हटली, प्रतापने इंजिन बंद ठेवून हात जोडले. मग मी ताडपत्रीखालून पिंजरा काढला. प्रताप पोट धरून हसला.

"बाप्पांना पाण्यात आणि त्यांच्या गाडीला बोटीत? कुठे पोचवू साहेबांना?"

"जिथे माणूस नाही, मांजर नाही, विष नाही, अशा ठिकाणी," मी म्हणालो.

त्याने बोट आणखी वीस मिनिटं पुढे नेली. एक लहानसं, सपाट बेट होतं. खडक, गुडघाभर गवत, वाळलेल्या स्प्रूसची पाचसहा झाडं आणि जहाजांसाठीच्या कधीकाळच्या दिव्याचा काँक्रीटचा चौथरा. "इथे काही नाही," प्रताप म्हणाला. मी बूट काढून पाण्यात उतरलो, पिंजरा चौथऱ्याजवळ ठेवला, दार वर केलं आणि बाजूला दोन मोदक ठेवले. मादी आधी बाहेर आली, तिने इकडेतिकडे नाक फिरवलं आणि गवतात शिरली. पिल्लं तिच्यामागे गेली. मला खरंच फार बरं वाटलं. रात्री फोनवर ऊर्मीला विसर्जनाचं सांगितलं, उंदरांचं नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं.

ऊर्मी आमची एकुलती एक मुलगी. ती तेव्हा ओटावात होती, पक्ष्यांवर एम. एस्सी. करून सरकारी ऑफिसात आकडे भरत होती आणि कंटाळली होती. जानेवारीत तिला हॅलिफॅक्समध्ये मनासारखं काम मिळालं. टर्न नावाचे पक्षी इथल्या किनाऱ्यावरून कमी होत चालले होते. आता एकाच बेटावर त्यांची मोठी वसाहत उरली होती, दोनशे जोड्यांची. तिथे काही बरंवाईट झालं तर सगळंच गेलं, म्हणून दुसऱ्या एका रिकाम्या बेटावर त्यांना पुन्हा वसवायचं, हे ऊर्मीचं काम. दोन वर्षांचा करार होता. जमलं तर पुढे कायमची नोकरी, नाही तर पुन्हा ओटावा आणि आकडे. टर्नला मराठीत सुरय म्हणतात हेही मला तिनेच सांगितलं. नागपूरला अंबाझरीच्या तलावावर मी ते पाहिलेही असतील, पण त्या वयात माझं लक्ष पक्ष्यांकडे नव्हतं.

हे पक्षी रिकाम्या जागी उतरत नाहीत. आधीच कुणीतरी बसलंय असं दिसलं तर उतरतात. म्हणून लाकडाचे खोटे पक्षी मांडायचे आणि स्पीकरवर त्यांचा आवाज लावायचा. खोटे पक्षी करायचं काम मी मागून घेतलं. फेब्रुवारी ते एप्रिल मी बेसमेंटमध्ये होतो. चाळीस सुरय केले. काळी टोपी, लाल चोच, राखाडी पाठ. ऊर्मी संध्याकाळी जिन्यावर बसून चहा प्यायची आणि चुका काढायची.

"बाबा, याची मान फार जाड झालीय. हा तुझ्यासारखा दिसतोय."

गेल्या दहा वर्षांत आम्ही एवढं बोललो नव्हतो. तिच्या शिक्षणाच्या निवडीवरून मी बरीच वर्षं तोंड वाकडं केलं होतं, इंजिनिअरिंग सोडून पक्षी काय मोजायचे म्हणून. त्या तीन महिन्यांत ते सगळं धुऊन निघालं असं मला वाटलं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ऊर्मी मला बेटावर घेऊन गेली. तिचा बॉस अँड्रयू, आणखी एक मदतनीस मुलगी आणि मी. निघण्याआधी धक्क्यावरच्या एका बंद खोलीत आमचं सगळं सामान टेबलावर ओतलं गेलं. तंबू उलगडून झटकला, बुटांच्या आत हात घालून पाहिलं, खोक्यांचे सांधे टॉर्च लावून तपासले.

"एवढं कशाला?" मी विचारलं.

"रॅट्स," ऊर्मी म्हणाली. "बाबा, एक प्रेग्नंट मादी जरी सामानातून गेली ना, तर दोन सीझनमध्ये कॉलनी संपते. अंडी, पिल्लं, सगळं. हे पक्षी जमिनीवर अंडी घालतात, त्यांना उंदीर माहीतच नाही. आम्ही अकरा बेटं बघितली. बाकी सगळीकडे उंदीर नाही तर मिंक, ते मुंगसासारखे असतात ना, ते. हे एकच क्लीन निघालं, गेल्या जुलैत."

मी मान डोलावली. प्रतापच्या बोटीतलं ते बेट मला तेव्हा आठवलंसुद्धा नाही. किनाऱ्यालगत शेकड्यांनी बेटं आहेत आणि आम्ही निघालो तो धक्काही वेगळा होता. पाऊण तासाने समोर एक सपाट बेट दिसू लागलं. मग वाळलेली स्प्रूस दिसली. बोट वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली आणि काँक्रीटचा चौथरा दिसला.

हाच तो चौथरा. मी बोटीच्या कठड्याला धरून उभा होतो आणि ऊर्मी माझ्या दंडाला धरून म्हणत होती, "कसं आहे?" मी छान आहे म्हणालो असेन. बोट लागली का, असं तिने विचारलं आणि मी हो म्हणालो. ते तरी सोपं होतं.

उतरल्यावर खोकी चौथऱ्याच्या बाजूला रचून ठेवली आणि तिने कामं वाटली. पक्षी मांडण्याआधी सगळं बेट एकदा तपासायचं होतं. नियम असा की प्रत्येक भाग दोन वेगवेगळ्या माणसांनी पाहायचा. पण आम्ही चौघंच होतो, वारा वाढत होता आणि अँड्रयूला तासाभरात परत फिरायचं होतं.

"बाबा, चौथऱ्याकडची बाजू तू बघ. लेंड्या, कुरतडलेलं लाकूड, बीळ, काहीही. तुझी नजर चांगली आहे."

मी एकटाच चौथऱ्याकडे गेलो. मोदकांचा अर्थातच मागमूस नव्हता. मनात म्हटलं, एवढ्या थंडीत, बर्फाच्या वाऱ्यात, पाच उंदीर कुठले जगणार. मेले असतील. मग मी समुद्राने आणून टाकलेला एक ओंडका पायाने सरकवला. खाली लेंड्या होत्या. काळ्या, तांदळापेक्षा मोठ्या, चिकार. काही ओल्या. शेजारी खेकड्यांच्या कवचांचा छोटासा ढीग आणि चौथऱ्याच्या भेगेखाली मुठीएवढं भोक.

लांबून ऊर्मीचं हसणं ऐकू येत होतं. तिने माझा एक लाकडी सुरय हातात उंच धरला होता आणि त्याला वाऱ्यावर उडवल्यासारखं करत होती. एकोणतीस वर्षांची पोर, पण तेव्हा ती नऊ वर्षांची दिसत होती. आता जाऊन हिला सांगायचं की तुझं बेट मी आठ महिन्यांपूर्वीच नासवून ठेवलंय? जो बाप तुझ्या कामाला नाक मुरडत होता, त्यानेच? माझी हिंमत झाली नाही. मी ओंडका बुटाने पुन्हा जागेवर ढकलला, भोकावर दोन दगड ठेवले आणि परत आलो.

"काही सापडलं?"

"काही नाही," मी म्हणालो.

तिने हातातल्या कागदावर खूण केली, खाली सही केली आणि आम्ही पक्षी मांडायला लागलो.

त्यानंतरचा महिना मी कसा काढला ते चित्राला विचारा. मी तिच्यावर खेकसत होतो, टीव्हीवर खेकसत होतो, प्रतापचा फोन घेत नव्हतो. रोज सकाळी ठरवायचो की आज सांगायचं आणि रोज काहीतरी निमित्त काढायचो. मग मेच्या शेवटी ऊर्मीचा बेटावरून फोन आला. वाऱ्यात तिचा आवाज तुटत होता. पक्षी उतरले होते. माझ्या लाकडी पक्ष्यांच्या शेजारी खरे. जूनच्या पहिल्या आठवड्यात सदतीस घरटी झाली. चित्राने शिरा केला. मी दोन वाट्या खाल्ल्या आणि स्वतःला सांगितलं की बघ, काही होत नाहीये, उगाच घाबरलास. माणूस स्वतःला किती सहज फसवतो याचं मला आज आश्चर्य वाटतं. तेव्हा मात्र मला नुसतं हायसं वाटलं होतं.

सोळा जूनला, मंगळवारी दुपारी, ऊर्मी न कळवता घरी आली. बूट न काढता स्वयंपाकघरात शिरली, लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि उघडला. तिचा चेहरा बघून चित्राने गॅस बंद केला.

बेटावर लावून ठेवलेल्या, आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यातले फोटो होते. पहिल्या फोटोत एक घरटं होतं, म्हणजे वाळूतला नुसता खळगा, त्यात तीन अंडी. दुसऱ्या फोटोत त्यातल्या एका अंड्याला दोन पायांत धरून उंदीर बसला होता. तिसऱ्यात खळगा रिकामा. मग ती एकामागून एक फोटो दाखवत गेली आणि मी बघत गेलो. एका फोटोत सात उंदीर होते. मी मोजले. एकाच फोटोत सात. शेवटच्या फोटोत एक सुरय आपल्या घरट्यावर मरून पडला होता, मान कुरतडलेली. शेजारी माझा लाकडी पक्षी तसाच उभा होता, काळी टोपी, लाल चोच.

मी हादरलो. ऐकून वाईट वाटणं वेगळं आणि असं बघणं वेगळं. डेकखालचे पाच उंदीर मी स्वतःच्या हाताने ब्रेड घालून पोसले होते. त्यांच्याकडे पाहून माझ्या मनात दया आली होती. तीच दया समोर स्क्रीनवर रक्तात पडली होती, आणि मला खुर्चीवर बसवेना की उठवेना.

"सगळे गेले," ऊर्मी म्हणाली. "काल सकाळी पोचलो तर एकही पक्षी नव्हता. थर्टी सेव्हन नेस्ट्स, बाबा. एकही अंडं नाही. ते आता तिथे परत येणार नाहीत. माझीपण नोकरी गेल्यातच जमा आहे, अँड्रयू काही बोलला नाही, पण मला कळतं ना." ती डोळे पुसत होती आणि बोलत होती. "आम्ही सगळं चेक केलं होतं. कुणीतरी बोटीतून नेऊन सोडलेत. हू डझ दॅट? कोण मूर्ख माणूस असं करतो?"

चित्रा माझ्याकडे बघत होती. ती कधी त्या बेटावर परत गेली नव्हती, पण फोटोत मागे चौथरा दिसत होता.

"उल्हास," ती हळूच म्हणाली, "विसर्जनाला गेलो होतो, ते..."

मला स्वतःहून बोलता आलं नाही, हे मी इथे कबूल करतो. बायकोने वाक्य सुरू केलं म्हणून मी ते पुरं केलं. डेक, पिंजरा, नेलपॉलिश, प्रतापची बोट, पाच उंदीर, मोदक, सगळं सांगितलं. सांगताना मी टेबलाच्या कडेकडे बघत होतो.

ऊर्मीने लॅपटॉप मिटला. मग उठली, माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं होतं ती ओरडेल. तिने ओरडायला हवं होतं.

"तुला कसं माहीत असणार, बाबा," ती म्हणाली. "लोक असं करतात. कुणी मांजरं सोडतं, कुणी ससे. कुणाला मुद्दाम वाईट करायचं नसतं. इट्स ओके. म्हणजे ओके नाहीये, पण... तू मुद्दाम नाही केलंस. या विचाराने तू उद्या काही खाणार नाहीस ते मला माहितीय." ती रडता रडता थोडी हसली. चित्राने पदराला डोळे पुसले. मी ऊर्मीच्या हातावर माझा हात ठेवला. देवाची शपथ, त्या क्षणी मला वाटलं की सुटलो, एवढ्यावर भागलं.

"पण अँड्रयूला सांगावं लागेल," ऊर्मी म्हणाली. "कधी सोडले, किती सोडले, त्यावरून ते विष कसं मांडायचं ठरवतील. तूच सांग. मी आहे इथे."

तिने फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि टेबलावर ठेवला. मी अँड्रयूला इंग्रजीत सगळं पुन्हा सांगितलं. तो चांगला माणूस आहे. त्याने मला एकदाही दोष दिला नाही. तारीख विचारली, जागा विचारली, पिल्लं केवढी होती ते विचारलं. पलीकडे तो लिहून घेत होता, ते कळत होतं. शेवटी त्याने माझे आभारसुद्धा मानले.

"आणखी एकच," तो म्हणाला. "मे महिन्यात तुम्ही आमच्याबरोबर होतात. चौथऱ्याची बाजू तुम्ही पाहिली होती. तेव्हा तिथे काही खूण होती का? विचारतोय अशासाठी, की त्या दिवशी तिथे तासभर पडलेली आपली खोकी आपण तशीच मोठ्या वसाहतीच्या बेटावर नेली. मेमध्ये उंदीर बेटाच्या दुसऱ्या टोकाला होते आणि नंतर तिथे पसरले असतील, तर काळजी नाही. पण तेव्हा ते चौथऱ्यापाशी होते असं असेल, तर मला आज आत्ता बोट पाठवायला हवी. तिथे आता दोनशे जोड्या अंड्यांवर बसल्यात."

ऊर्मीचा हात अजून माझ्या खांद्यावर होता. तिने माझ्या वतीने उत्तर देऊन टाकलं. "काही नव्हतं, अँड्रयू. बाबांनी चेक केलं होतं. शीटवर आहे."

फोनमधून अँड्रयूच्या पेनाचा आवाज येत होता. मला फक्त गप्प बसायचं होतं. मे महिन्यात बसलो होतो तसंच. ते मला चांगलं जमत होतं.

"होती," मी म्हणालो. "खूण होती. ओंडक्याखाली लेंड्या होत्या. ताज्या. चौथऱ्याखाली बीळ होतं. मी त्यावर दगड ठेवले."

पेनाचा आवाज थांबला. मग अँड्रयू म्हणाला, "ठीक आहे. मी बोट काढतो," आणि फोन बंद झाला.

ऊर्मी माझ्या समोर येऊन उभी राहिली. उंदीर मी सोडले हे ऐकताना तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं नव्हतं, ते आता दिसत होतं. ती मला ओळखत नसल्यासारखी बघत होती. चित्राने तिला खुर्ची पुढे केली, ती बसली नाही.

"पक्षी यायला तीन आठवडे होते, बाबा," ती म्हणाली. "तीन आठवड्यांत आम्ही सगळे उंदीर काढले असते. निदान स्पीकर तरी लावला नसता. मी त्यांना तिथे बोलावलं."

"मला भीती वाटली," मी म्हणालो. "तू इतकी खूष होतीस."

"नियम दोघांनी बघायचं असा होता," ती म्हणाली. "तुझ्यानंतर मी जाणार होते. वेळ होता मला. मी गेले नाही, कारण तू बघितलं होतंस."